भरलेल्या बोटीचा पंखा

बोटीच्या इंजिनाला पंखा कोणता लावावा, याबद्दलचे माझे मत आता पूर्ण फिरले आहे. रिकामी बोट ज्या पंख्यावर सर्वांत जोरात पळते तो पंखा चांगला, असे मी बरीच वर्षे मानत आलो आणि विचारणाऱ्यालाही तेच सांगत आलो. आज माझे म्हणणे वेगळे आहे. पुराच्या कामाला जाणाऱ्या बोटीचा पंखा माणसांनी भरलेल्या बोटीवर पारखावा, आणि पारखताना बोटीच्या वेगापेक्षा इंजिनाच्या फेऱ्यांकडे आधी बघावे. हे का, ते लिहून ठेवावेसे वाटले, कारण हा विषय आमच्याकडे कोणी बोलत नाही आणि आता तो बोलला जाणे गरजेचे आहे.

संग्रामपूर तालुक्यात बोटीचे काय काम, असे बाहेरच्या माणसाला वाटेल. आमचा भाग सातपुड्याच्या पायथ्याचा. कापूस, सोयाबीन, सोनाळा-टुनकीकडे संत्री, आणि खाली पूर्णा नदीकडे उतरत गेले की खारपाणपट्टा. जमिनीखालचे पाणी इतके खारे की विहीर असूनही गोड्या पाण्यासाठी दुसरीकडे तोंड करावे लागते. मूत्रपिंडाच्या आजाराने आमच्या गावांतली किती घरे बसली, ते इथे कोणाला सांगायची गरज नाही. अशा मुलखात पाणी म्हणजे कमतरतेचाच विषय. पण सातपुड्यात पाऊस कोसळला की नदी-नाले काही तासांत भरतात, आणि पूर्णा आधीच दुथडी चालत असेल तर वरचे पाणी तुंबून काळ्या शेतांत पसरते. २२ जुलै २०२३ रोजी संग्रामपूर आणि जळगाव जामोद तालुक्यांत जो पाऊस झाला, त्यात शेते खरडून गेली, घरांत पाणी शिरले, रस्ते तुटले. त्याच दिवशी यवतमाळ जिल्ह्यात महागाव तालुक्यातल्या आनंदनगरला पाण्याने वेढले आणि तिथल्या लोकांना काढण्यासाठी हवाई दलाच्या हेलिकॉप्टरपर्यंत गोष्ट गेली. त्यानंतर आमच्याकडे बोट हा शब्द लोकांच्या बोलण्यात आला तो आलाच.

माझा धंदा मोटारी भरण्याचा. जळालेली पाणबुडी मोटार उघडायची, जुनी तार काढायची, नवीन वाइंडिंग भरायचे, पंपाचे इंपेलर घासले असतील तर बदलायचे. स्वयंसेवकांच्या एका गटाकडे रबरी बोट आणि ४० एचपीचे पेट्रोल आउटबोर्ड इंजिन आले, तेव्हा इंजिन बघायला मला बोलावले. यंत्र समजते म्हणून बोलावले आणि मलाही ते समजले. पंखा मात्र मी एकाच नजरेने बघत होतो.

ज्यांनी बोटीचा पंखा हातात घेतला नसेल त्यांच्यासाठी थोडे सांगतो. पंख्याच्या मधल्या गड्ड्यावर, म्हणजे हबवर, दोन आकडे कोरलेले असतात. पहिला व्यास, म्हणजे पात्यांची टोके फिरताना जे वर्तुळ काढतात त्याची रुंदी. दुसरा पिच. पाणी लोण्यासारखे घट्ट असते आणि पंखा त्यात स्क्रूसारखा शिरत गेला असता, तर एका फेरीत जितके अंतर पुढे गेला असता ते अंतर म्हणजे पिच. दोन्ही आकडे इंचांत. इंजिनाच्या फेऱ्या थेट पंख्याला मिळत नाहीत, खालच्या गिअरमधून कमी होऊन मिळतात. आपण सोयीसाठी निम्म्या धरू. इंजिन मिनिटाला ५००० फेऱ्यांवर असले तर पंखा २५०० फेऱ्या घेईल. १३ इंच पिचचा पंखा असेल तर कागदावर बोट ताशी जवळजवळ ५० किलोमीटर गेली पाहिजे. १० इंचाचा असेल तर ३८. पाणी लोणी नसल्यामुळे पंखा थोडा घसरतो आणि प्रत्यक्षात वेग यापेक्षा कमी मिळतो, पण हिशेबाची दिशा तीच.

हा हिशेब कोणीही मांडला तर १३ चा पंखाच हातात घेईल. मीही तोच घेतला. दोन माणसे बसवून धरणाच्या पाण्यावर बोट सोडली की ती नाक उचलून, पोट पाण्यावर टेकवत अशी काही पळायची की काठावरचे लोक टाळ्या वाजवायचे. त्या वेगात मला सुरक्षितता दिसत होती. पूर आला की वेळ थोडा असतो, मग जी बोट लवकर पोहोचेल ती चांगली, यात खोट काय? त्यात आजही मला खोट दिसत नाही. पण बोट पोहोचल्यावर तिचे निम्मे काम राहिलेले असते, तिकडे माझे लक्ष नव्हते.

विचार हलला तो रत्नागिरीत. एका लग्नासाठी गेलो होतो, जून महिना होता. १ जूनपासून मासेमारी बंद असते, त्यामुळे मिरकरवाड्याच्या बंदरात बऱ्याच नौका थांबलेल्या आणि काही डागडुजीसाठी वर ओढलेल्या. पाण्याखाली असणारा नौकेचा भाग मी पहिल्यांदाच उघड्यावर बघत होतो. लाकडी पोटाखाली मागच्या बाजूला पितळी रंगाचे पंखे. आमच्या बोटीच्या पंख्यापेक्षा कितीतरी मोठे, पाती रुंद, आणि आश्चर्य म्हणजे तिरकसपणा फारच थोडा. एक खलाशी पात्यावर चिकटलेले शिंपले खरवडत होता. इंजिन केवढे आहे ते मी विचारले. त्याने सांगितल्यावर मी म्हणालो, एवढ्या इंजिनाला इतका चपटा पंखा? नौका पळणार कशी?

तो खरवडता खरवडताच म्हणाला, "भाऊ, आम्हाला पळायचं नाय. जाळं ओढायचं आहे. तुमची बोट काय ओढते?"

मी म्हणालो, काही ओढत नाही, माणसे नेते.

"मग माणसं किती ते आधी सांगा. पंखा त्याच्यावर."

त्या वेळी मला ते पटले असे नाही. ट्रॉलरचे काम वेगळे, आमचे वेगळे, असे मनात म्हणून मी निघालो. पण गाडीत बसल्यावर डोक्यात एक गोष्ट आली जी खरे तर मला कोणी सांगायची गरज नव्हती, कारण तिच्यावर माझे पोट चालते. शेतकरी दुकानात येऊन ५ एचपीची मोटार मागतो तेव्हा मी त्याला लगेच पंप देत नाही. बोअर किती खोल, पाणी किती फुटांवर, पाइप किती इंची, हे विचारतो. त्याच मोटारीवर जास्त स्टेजचा पंप लावला तर खोलातून पाणी येते पण कमी येते. कमी स्टेजचा लावला तर उथळ विहिरीतून धो-धो येते, पण खोल बोअरमध्ये तो पंप नुसता फिरत राहतो. मोटार तीच, एचपी तेच. काम बघून पंप ठरतो. बोटीचा पंखा म्हणजे मोटारीवरचा पंपच. मग तिथे मी खोली न विचारता पंप दिला होता.

एक फरक मात्र मोठा आहे. विजेच्या मोटारीवर ओझे जास्त झाले तर ती अँपिअर जास्त खेचते, स्टार्टर ट्रिप होतो, नाहीतर वाइंडिंग जळून वास येतो. काहीतरी कळते. पेट्रोल इंजिनावर ओझे जास्त झाले तर ते फक्त हळू फिरते. आवाज जड होतो, पण पुराच्या गोंगाटात तो कोणाला कळणार? ४० एचपी लिहिलेले इंजिन ४० एचपी देते ते त्याच्या ठरलेल्या फेऱ्यांवर. आमच्या इंजिनाच्या पुस्तकात पूर्ण थ्रॉटलला ४५०० ते ५५०० फेऱ्या लिहिलेल्या आहेत. इंजिन तिथवर पोहोचलेच नाही, तर उरलेली ताकद आपण विकत घेतली पण वापरली नाही. वर इंजिन तापते आणि आत काजळी धरते, ते वेगळेच.

आमच्या बोटीला फेऱ्या दाखवणारे मीटर नव्हते. स्पार्क प्लगच्या तारेला गुंडाळून फेऱ्या मोजणारे एक छोटे मीटर मिळते, ते मागवले. मग परवानगी काढून धरणावर गेलो आणि बोटीत वाळूची पोती ठेवली. बोटीच्या पाटीवर जेवढी माणसे लिहिली आहेत तेवढ्यांच्या वजनाची, एकेक पोते तोलून, समोर आणि मागे सारखी वाटून.

१३ चा पंखा. थ्रॉटल पूर्ण. बोटीचे नाक वर गेले आणि वरच राहिले. मागचा भाग पाण्यात रुतल्यासारखा, मागे फेसाचा ढीग. मीटर ४३०० च्या अलीकडे अडकले ते पुढे सरकेना. कागदावरच्या हिशेबाने त्या फेऱ्यांना ताशी ४० च्या वर वेग हवा होता. काठाकाठाने सायकलवरून जाणारा पोरगा आमच्या बरोबरीने चालला होता. जे इंजिन दोन माणसांना घेऊन उडत होते, ते आपल्या पाटीवर लिहिलेले वजनही उचलायला तयार नव्हते.

मग १० चा पंखा. तो बदलण्याचे काम मी नव्या पोरांना मुद्दाम हाताने करायला लावतो, म्हणून इथेही सांगतो. आधी किल स्विचची दोरी काढायची, इंजिन न्यूट्रल, प्लगच्या तारा सोडवायच्या. पातीच्या आणि वरच्या पत्र्याच्या मध्ये लाकडाचा ठोकळा अडकवायचा, म्हणजे नट सोडवताना पंखा फिरत नाही. स्प्लिट पिन पकडीने सरळ करून ओढायची, नट काढायचा, वॉशर कोणत्या क्रमाने आले ते बघून फडक्यावर तसेच मांडायचे. पंखा ओढला की शाफ्टवरचे दाते दिसतात. आमच्या शाफ्टवर त्या दिवशी पंख्याच्या मागे प्लॅस्टिक सुतळीचा वेढा निघाला, वितळून काळा झालेला, तेलाच्या सीलपर्यंत गेलेला. बाहेरून काहीच दिसत नव्हते. तो वेढा अजून काही दिवस राहिला असता तर सील कापून गिअरमध्ये पाणी गेले असते. दाते पुसून ग्रीस लावायचे, जाड वॉशर आत आधी बसवायचा, मग पंखा, मग नट, आणि नवीन पिन. जुनी पिन परत वापरायची नाही.

तीच पोती, तेच पाणी. बोटीचे नाक उठले, थोडा वेळ रेंगाळले आणि मग खाली आले. बोट पाण्यावर चढली. मीटर ५००० च्या जवळ. पिच एक इंच कमी केला की साधारण १५० ते २०० फेऱ्या वाढतात असा ठोकताळा आहे. आमच्याकडे थोड्या जास्तच वाढल्या, कारण बोट एकदा वर चढली की पाणी तिला कमी अडवते. रिकामी बोट याच पंख्यावर चालवली तेव्हा मीटर ५५०० ओलांडू लागले आणि थ्रॉटल आवरावा लागला. म्हणजे जाताना वेग थोडा कमी मिळणार, आणि चालवणाऱ्याने हात राखून चालवावे लागणार. ही किंमत आहे आणि ती मी मान्य करतो. लांबचा पल्ला असेल, मोठ्या जलाशयावर रिकाम्या बोटीने गस्त घालायची असेल, तर १३ चा पंखाच बरोबर, असे मी आजही सांगेन. पण आमच्या पुरात रस्ता संपतो तिथून वस्ती फार लांब नसते. जाण्यात वाचलेली एक-दोन मिनिटे येताना प्रवाहात अडकून घालवायचे, हे मला आता पटत नाही.

प्रवाहाचे तर वेगळेच सांगायला हवे. धरणाचे पाणी थांबलेले असते, पुराचे पाणी पळत असते. सेकंदाला तीन मीटरने येणाऱ्या पाण्यात बोट नुसती जागेवर उभी ठेवायची तरी ती ताशी जवळजवळ ११ किलोमीटर चालवावी लागते. घराच्या माळवदाला बोट लावून म्हातारीला उतरवून घेताना वेग शून्य आणि ढकल मात्र पूर्ण हवी. कमी पिचचा, मोठ्या व्यासाचा पंखा हळू चालताना जास्त ढकल देतो, म्हणून बंदरातल्या ओढबोटींना आणि ट्रॉलरला तसे पंखे असतात. आउटबोर्डला व्यास मनासारखा वाढवता येत नाही, वरच्या पत्र्याशी जागा संपते. मग हातात राहतो तो पिच आणि पात्यांची रुंदी.

या पंख्याच्या इतिहासातली एक गोष्ट वाचल्यापासून माझ्या डोक्यातून जात नाही. फ्रान्सिस पेटिट स्मिथ नावाच्या इंग्रज शेतकऱ्याने १८३६ मध्ये बोटीच्या स्क्रूचे पेटंट घेतले. त्याचा स्क्रू लाकडाचा, दोन पूर्ण वेढ्यांचा होता. १८३७ च्या फेब्रुवारीत लंडनजवळच्या पॅडिंग्टन कालव्यावर चाचणी चालू असताना तो आपटून अर्धा मोडला, एकच वेढा उरला. बोट थांबायला हवी होती, ती आधीपेक्षा जोरात निघाली. पुढे १८४५ च्या एप्रिलमध्ये ब्रिटिश नौदलाने रॅटलर हे स्क्रूचे जहाज आणि अलेक्टो हे चाकांचे जहाज पाठीला पाठ लावून बांधले आणि दोघांना विरुद्ध दिशेला ओढायला लावले. रॅटलरने अलेक्टोला उलटे ओढत नेले. तो सामना शर्यतीचा नव्हता, ओढीचा होता, हे मला फार महत्त्वाचे वाटते.

धातूच्या बाबतीतही माझे मत बदलले. स्टीलचा पंखा पातळ, ताठ, जास्त पकड घेणारा, आणि मला तो मिळवायचाच होता. आता आमच्या पाण्यात मी अॅल्युमिनियमचाच लावा म्हणतो. पुराखालचे आमचे शिवार डोळ्यांसमोर आणा. काटेरी तारेचे कुंपण, विहिरीचा कठडा, ठिबकच्या नळ्या, पंपाची केबल, पऱ्हाटी, वाकलेला विजेचा खांब. गढूळ पाण्यात हातभर खाली काय आहे ते दिसत नाही. अॅल्युमिनियमचे पाते आपटले की वाकते किंवा तुकडा जातो, आणि वाकडे पाते थरथरत का होईना, पण बोटीला काठावर आणते. ताठ स्टीलचा धक्का शाफ्टमधून गिअरपर्यंत जातो. गिअर गेला तर वल्ही उरतात. दोन्ही प्रकारांत हबमध्ये रबर असते, ते धक्का खाते, हे खरे. तरी मी पैजेला गिअर लावणार नाही. दुसरा पंखा, नट, वॉशर, पिना आणि पकड एका डब्यात घालून तो डबा बोटीला बांधलेला असावा. मोकळा ठेवलेला डबा पहिल्याच लाटेत जातो.

पंखा भरलेल्या बोटीचा निवडा असे मी म्हणतो, याचा कोणी असा अर्थ काढू नये की ताकदीचा पंखा आहे तर माणसे जास्त भरा. ८ ऑगस्ट २०१९ ला सांगली जिल्ह्यात पलूस तालुक्यातल्या ब्रह्मनाळ येथे पुरातून निघालेली बोट उलटली. तिच्यात क्षमतेपेक्षा पुष्कळ जास्त लोक होते. बायका, लेकरे गेली. पाणी वाढत असताना काठावर उरलेल्याला "तू थांब" म्हणणे किती अवघड असेल, त्याची मला कल्पना आहे. म्हणूनच बोट झटपट परत येणारी हवी. भरून नेली, उतरवली, लगेच परत आली, तर काठावरचा माणूस थांबायला तयार होतो. बोट भरल्यावर रांगत असेल तर तो थांबणार नाही, तो चढेल. माझ्या लेखी पिचचा आकडा या जागी येऊन माणसाच्या जिवाशी जोडला जातो.

आमच्या गटात सगळ्यांना हे पटले आहे असे नाही. बोट चालवणाऱ्या एका पोराला अजून १३ चा पंखा हवा असतो आणि त्याचे म्हणणे मी उडवून लावत नाही. खिरोड्याच्या पुलाजवळ पूर्णेचा पसारा मोठा असतो, तिथे त्याचा मुद्दा खरा ठरू शकतो. त्याच्याशी बोलून आम्ही मधला ११ चा पंखा बघायचे ठरवले आहे, आणि चार पात्यांचाही. चार पात्यांचा पंखा वेग थोडा खातो पण वळताना आणि लाटेत पाणी सोडत नाही, असे म्हणतात. ते म्हणणे मी तसेच घेणार नाही. पोती तीच, मीटर तेच, आणि प्रत्येक पंख्यापुढे वहीत चार रकाने: रिकाम्या बोटीच्या फेऱ्या, भरलेल्या बोटीच्या फेऱ्या, बोट पाण्यावर चढायला लागलेला वेळ आणि पेट्रोल.

तालुक्यात पुढची बोट ज्या कोणाकडे येईल, त्याने इंजिनाबरोबर फेऱ्यांचे मीटर मागून घ्यावे. त्याची किंमत इंजिनाच्या मानाने काहीच नाही. आणि बोट ताब्यात घेताना विकणाऱ्याला दोन माणसांवर फेरी मारून दाखवू देऊ नये. पाटीवर दहा लिहिले असतील तर दहा जणांना जीवरक्षक जाकिटे घालून बसवावे, थ्रॉटल पूर्ण द्यायला सांगावे, आणि मीटर कुठे थांबते ते स्वतः वाकून बघावे.